रीमान आणि लेबेग: फरक काप उभा की आडवा याचा नाही

इंटिग्रल, म्हणजे आलेखाखालचं क्षेत्रफळ, काढायच्या दोन रीती: एक गणिती रीमानची, दुसरी लेबेगची. 'रीमान उभ्या पट्ट्या पाडतो, लेबेग आडव्या.' बीएस्सीच्या पोरांच्या वह्यांत हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलंय की आता दिसलं की सरळ खोडतो. ते खोटं नाही, पण खरा फरक त्यात येतच नाही.

रीमान तुम्हाला पीयूसीच्या दुसऱ्या वर्षापासून ठाऊक आहे. अंतरालाचे तुकडे करायचे, प्रत्येकाची रुंदी उंचीनं गुणायची, बेरीज करायची, तुकडे बारीक करत जायचं. 1854 सालची ही मांडणी छापून आली ती त्याच्या निधनानंतर.

लेबेगचा प्रबंध 1902 चा. त्यासाठी खानापूरकडच्या भातशेतीत चला. वाटण्या होऊन होऊन एका घरची जमीन दहा ठिकाणी विखुरलेली असते. एकूण भात किती झालं? रीमान बांधाबांधानं जातो आणि प्रत्येक तुकड्याचे गुंठे गुंठ्यामागच्या उताऱ्यानं गुणतो. लेबेग आधी प्रतवारी लावतो: गुंठ्याला पोतं देणारं रान एकीकडं, अर्धं पोतं देणारं दुसरीकडं. मग प्रत्येक प्रतीचं एकूण क्षेत्र काढून तिच्या उताऱ्यानं गुणतो.

सगळे इथंच थांबतात, आणि माझी तक्रार नेमकी हीच आहे. ते विखुरलेलं क्षेत्र मोजायचं कशानं?

डिरिश्लेचं 1829 सालचं फलन घ्या: 0 ते 1 मध्ये परिमेय संख्येला किंमत 1, अपरिमेयाला 0. आडवं कापलं तर दोनच प्रती. आता परिमेय संख्यांच्या संचाची 'लांबी' सांगा. लेबेगच्या आधीच्या, जॉर्डनच्या मापात संच मोजक्याच, म्हणजे सांत संख्येच्या अंतरालांनी झाकायचा असतो. परिमेय संख्या सगळीकडं दाट पसरलेल्या, त्यामुळं झाकणाची एकूण लांबी 1 च्या खाली येतच नाही. आतून मोजावं तर 0. आडवं कापूनही तुम्ही रीमान अडतो त्याच जागी अडकलात! सीमित, म्हणजे किमती ठराविक मर्यादेत राहणाऱ्या फलनांसाठी आडवे काप आणि जॉर्डनचं माप यांतून रीमानचंच इंटिग्रल परत मिळतं.

बोरेलनं 1898 मध्ये गणनीय, म्हणजे एक-दोन-तीन असे क्रमांक देता येतील अशा अनंत अंतरालांची वाट उघडली, लेबेग तिच्यावरून पुढं गेला. परिमेय संख्या ओळीनं मांडता येतात. पहिलीला 1/20 लांबीचं झाकण द्या, दुसरीला 1/40, तिसरीला 1/80. एकूण भरतं 1/10. सुरुवात 1/2000 पासून केली तर 1/1000. म्हणजे माप 0, आणि इंटिग्रलही 0. बदलली ती मोजपट्टी. फळ्यावर आडव्या पट्ट्या काढण्याआधी हे उदाहरण शिकवावं, असं माझं ठाम मत आहे.

'लेबेग रीमानला पोटात घेतो' हे बंदिस्त अंतरालावरच्या सीमित फलनांपुरतं खरं. साइन एक्स भागिले एक्स याचं 0 पासून अनंतापर्यंतचं विस्तारित (वरचं टोक वाढवत नेऊन काढलेलं) रीमान इंटिग्रल पाय भागिले 2 येतं. लेबेगच्या अर्थानं ते अस्तित्वातच नाही, कारण निरपेक्ष किमतीचं इंटिग्रल अनंत होतं.

आणखी एक. सीमित फलन रीमान-संकलनीय असण्याची, म्हणजे त्याचं रीमान इंटिग्रल निघण्याची अट 'जवळजवळ सर्वत्र (माप 0 असलेला संच सोडून) सतत' अशी आहे. 'जवळजवळ सर्वत्र एखाद्या सतत फलनाइतकं' असं लिहू नका. डिरिश्लेचं फलन जवळजवळ सर्वत्र 0 आहे, पण सतत एकाही बिंदूपाशी नाही.