पांढरा म्हणजे नेमका कुठला? दारं, चौकटी आणि स्कर्टिंगसाठी

घर रंगवायला काढलं की भिंतींच्या रंगावर चार दिवस चर्चा होते. दारं-चौकटींची वेळ आली की एकच उत्तर: "त्यांना पांढरा मारा." शेड कार्डावर पांढऱ्याचे दहा-बारा चौकोन असतात आणि दुकानातल्या ट्यूबलाइटखाली ते सगळे सारखेच दिसतात.

शेडच्या आधी ठरवा, रंग तेलातला हवा की पाण्यातला. ऑईल पेंट छान चकाकतो, पण पांढरा ऑईल पेंट कालांतराने पिवळा पडतो, आणि गंमत म्हणजे उजेडापेक्षा अंधारात जास्त. नौपाड्यात आम्हीच रंगवलेलं एक कपाट दोन वर्षांनी पाहिलं. बाहेरून ठीक होतं, दार उघडलं तर आत साजूक तुपाचा रंग! तेव्हापासून पांढऱ्यासाठी आम्ही पाण्यातला इनॅमलच सुचवतो. महाग पडतो, पण वासही कमी येतो.

त्याचेही नखरे आहेत. सागवानाच्या कोऱ्या लाकडावर तो थेट मारला तर लाकडातला तपकिरी रस वर येतो. मग कितीही हात मारा, डाग पुन्हा उमटतात. आधी डाग रोखणारा प्रायमर हवाच. जुन्या ऑईल पेंटवर मारायचा असेल तर काचपेपरने चकाकी पूर्ण घालवावी लागते, नाहीतर नखाने सालपटं निघतात. जुना रंग कुठला ते कळत नसेल तर कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून घासा. रंग बोळ्याला लागला तर बहुधा पाण्यातला, नाही लागला तर तेलातला.

वाशी-नेरूळमधल्या जुन्या सिडको इमारतींत राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट महत्त्वाची. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण 90 पीपीएमपेक्षा (म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा) जास्त नसावं हा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं. असं दार कोरडं घासू नये, पाणी लावून घासावं. त्या दिवशी लहान मुलं आणि गरोदर बाई दुसऱ्या खोलीत नव्हे, दुसऱ्या घरी असलेली बरी.

आता शेड. भिंत ऑफ-व्हाइट आणि दार दुधासारखं शुभ्र केलं तर दार उठून दिसत नाही, भिंत मळकी दिसते. लादी आयव्हरी असेल तर किंचित पिवळसर झाक असलेला पांढरा घ्या, राखाडी लादीला निळसर झाकेचा चालतो. घरात पिवळे दिवे आहेत की पांढरे, यानेही फरक पडतो. चकाकी आम्ही सॅटिन, म्हणजे मंद ठेवतो, कारण ग्लॉसमध्ये लांबी (पुट्टी) भरल्याची प्रत्येक खूण दिसते.

स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या तळाची पट्टी, बहुतेक फ्लॅटमध्ये लादीचंच असतं. त्याला रंग मारू नका, फिनाइलच्या रोजच्या पोछ्यात सोलून निघतो. एमडीएफचं (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीचं) असेल तर बसवण्याआधी खालची कडही प्रायमरने बंद करून घ्या, नाहीतर तिथूनच पाणी शोषून ते फुगतं. दाराच्या वरच्या-खालच्या कडांचंही तेच. या कडा कुणाला दिसत नाहीत म्हणून रंगारी त्या सोडतात, आणि जुलैत दार अडकायला लागतं. भिंत आणि स्कर्टिंगमधली फट ॲक्रिलिक सीलंटने भरा, सिलिकॉनवर रंग धरत नाही. उंबरठा मात्र पांढरा करू नका. हळदीकुंकवाचे डाग निघत नाहीत आणि सासूबाईही ऐकत नाहीत.

पावसाळ्यात आम्ही लाकडाचं काम शक्यतो घेत नाही. गणपतीआधी हवंच असेल तर मेमध्ये सांगा. एका लिटरात दोन हातांचे साधारण शंभर चौरस फूट होतात, म्हणजे चौकटीसकट दोन दारं. रंग दोन-चार तासांत हाताला सुकतो, पण पक्का व्हायला दोन-तीन आठवडे जातात. तोवर दार घट्ट लावून ठेवू नका आणि ओल्या फडक्याने पुसू नका.

डबा मागवण्याआधी आम्ही दाराच्या मागच्या बाजूला दोन-तीन पांढरे लावून जातो. सकाळी बघा, दिवे लागल्यावर बघा, मग फोन करा.