बग ट्रियाज

बग ट्रियाज म्हणजे एखाद्या ओपन सोर्स प्रोजेक्टकडे आलेले बग रिपोर्ट वाचायचे, खरे-खोटे तपासायचे आणि डेव्हलपरला लगेच हातात घेता येतील अशा अवस्थेत आणून ठेवायचे. शब्द मूळचा फ्रेंच, निवडणे किंवा वेगळं करणे या अर्थाचा, आणि तो रुळला वैद्यकीय क्षेत्रात, एकदम खूप जखमी आले की आधी कुणाकडे बघायचं हे ठरवण्यासाठी. सॉफ्टवेअरमधे फरक एवढाच की पेशंट स्वतः बोलत नाही, त्याच्या वतीने दुसराच कुणीतरी बोलत असतो आणि तो बहुतेकवेळा वैतागलेला असतो.

यासाठी कोडिंग यायलाच पाहिजे असं नाही, आणि नवीन माणसाला प्रोजेक्टमधे शिरायला यासारखा दुसरा सोपा दरवाजा नाही. मोठ्या प्रोजेक्टमधे रिपोर्ट येतात त्या वेगाने ते मिटत नाहीत, डेव्हलपर मोजके आणि त्यातले बरेच फावल्या वेळात काम करणारे, त्यामुळे रिपोर्टचा अर्थ लावण्यातच त्यांची संध्याकाळ गेली तर दुरुस्ती राहते बाजूला. म्हणून केडीई या लिनक्स डेस्कटॉपचं बगस्क्वॉड, लिबरऑफिस या ऑफिस सॉफ्टवेअरची क्यूए (गुणवत्ता तपासणारी) टीम असे खास गट असतात आणि त्यात बरेचसे स्वयंसेवकच असतात.

सगळ्यात मोलाचं काम म्हणजे बग पुन्हा घडवून बघणे. समजा रिपोर्ट आलाय, "सेव्ह केलं की प्रोग्राम बंद पडतो, कृपया लवकर दुरुस्त करा". बस, एवढंच. आता व्हर्जन कोणतं, ऑपरेटिंग सिस्टिम कोणती, नवीन फाइल की जुनी, मेनूतून सेव्ह केलं की कीबोर्डवरून, काहीच माहीत नाही. तुम्ही आपल्या मशीनवर करून बघता तर सगळं सुरळीत. इथे "माझ्याकडे चालतंय" म्हणून रिपोर्ट बंद करणारे खूप आहेत, पण तिथेच थोडं थांबायचं, रिपोर्टरला विचारायचं की फाइल नेमकी कुठे सेव्ह करताय, मग तो सांगतो की नेटवर्क ड्राइव्हवर, मग तुम्ही पण तसा ड्राइव्ह जोडून बघता आणि धाडकन प्रोग्राम बंद. आता रिपोर्टमधे ओळीने लिहायचं: ताजं व्हर्जन उघडा, रिकामी फाइल घ्या, नेटवर्क ड्राइव्हवर सेव्ह करा, अपेक्षा काय होती, झालं काय. शीर्षकही बदलायचं, "सेव्ह होत नाही" च्या जागी "नेटवर्क ड्राइव्हवर सेव्ह करताना क्रॅश". कोडची एक ओळ न लिहिता तो बग आता कुणीही उचलेल असा झाला.

प्रश्न विचारतानाही एकदम दहा विचारू नयेत, समोरचा पळून जातो. दोन-तीन नेमके विचारावेत आणि माहिती कुठे सापडेल तेही सांगावं. ब्राउझरच्या बाबतीत पहिला प्रश्न ठरलेला, सगळी एक्स्टेन्शन बंद करून किंवा नवीन प्रोफाइल काढून पण तेच होतं का? क्रॅश असेल तर बॅकट्रेस मागतात, म्हणजे बंद पडताना प्रोग्राम कोडमधे कुठे होता त्याची यादी, पण डीबग सिंबल (त्या जागांची नावं सांगणारी जादा माहिती) नसतील तर त्यात नुसत्या प्रश्नचिन्हांच्या रांगा येतात आणि त्यातून कुणालाच काही कळत नाही, तेव्हा सिंबल कसे टाकायचे हे आधीच सांगितलेलं बरं.

डुप्लिकेट शोधणे हे दुसरं मोठं काम. लोक एकाच दुखण्याला वेगवेगळी नावं देतात, कुणी "हँग" म्हणतं, कुणी "फ्रीझ", कुणी नुसतं "स्लो", म्हणून सर्च करताना शब्द बदलून बदलून बघावं लागतं आणि बंद झालेले रिपोर्ट पण चाळावे लागतात. सहसा जुना रिपोर्ट ठेवून नवीन त्याला जोडतात, पण नव्यात पायऱ्या जास्त स्वच्छ लिहिल्या असतील तर उलट करायला हरकत नसते. लक्षण सारखं म्हणून कारण सारखं असेलच असं नाही, शंका असेल तर नुसती लिंक देऊन ठेवावी. चुकून एकत्र केलेले दोन बग नंतर वेगळे करणं फार डोकेदुखीचं असतं.

आधी चालत होतं आणि अपडेटनंतर बिघडलं, अशा बगला रिग्रेशन म्हणतात. इथे स्वयंसेवक जवळजवळ डिटेक्टिव्हचं काम करू शकतो. चांगलं व्हर्जन आणि बिघडलेलं व्हर्जन यांच्या बरोबर मधलं घ्यायचं, तपासायचं, मग उरलेल्या अर्ध्याच्या मधलं, असं करत गेलं की हजारभर बदलांतून दोषी बदल साधारण १० फेऱ्यांत सापडतो. याला बायसेक्ट म्हणतात आणि कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या टूलमधे त्याची कमांडच आहे. कोड कंपाइल करायचा नसेल तरी अडत नाही, फायरफॉक्ससाठी मोझरिग्रेशन नावाचं टूल जुने तयार बिल्ड (कंपाइल करून ठेवलेली व्हर्जन) आपोआप उतरवून देतं, लिबरऑफिसकडे बिबायसेक्टसाठी, म्हणजे अशा बिल्डवरच्या बायसेक्टसाठी, तयार बिल्डचा साठा असतो. नेमका बदल सापडला की तो कुणी केला ते कळतं, आणि रिपोर्ट थेट योग्य माणसापुढे जातो.

लेबल आणि स्टेटस प्रत्येक ठिकाणी वेगळे. मोझिलासाठी १९९८ मधे बनलेल्या बगझिला या बग ट्रॅकरमधे (बग रिपोर्ट नोंदवायची सिस्टिम) नवा रिपोर्ट "अनकन्फर्म्ड" ठेवायची सोय आहे आणि तो कन्फर्म करायला वेगळी परवानगी लागते. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर संस्थांना "ट्रियाज" नावाचा रोल देता येतो, त्यात लेबल लावता येतं, इश्यू (तिथला रिपोर्ट) बंद करता येतो, पण कोडला हात लावता येत नाही. डेबियन या लिनक्स सिस्टिमची गोष्ट मजेशीर आहे, तिथे सगळा कारभार ईमेलवर चालतो आणि बगची तीव्रता बदलायला खातं उघडावं लागत नाही, मेल पाठवला की झालं. पण परवानगी आहे म्हणून कुणी सरसकट बदलत सुटत नाही, कारण तिथे "क्रिटिकल", "ग्रेव्ह" आणि "सीरियस" या तीन पातळ्यांचे बग पुढच्या रिलीजच्या आड येऊ शकतात. तीव्रता आणि प्राधान्य यांतही गल्लत नको: नुकसान किती होतं ही तीव्रता, आधी काय करायचं हे प्राधान्य, आणि दुसरं शक्यतो मेंटेनरवर, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणाऱ्यावर, सोडावं.

माहिती मागितली आणि उत्तरच आलं नाही तर? उबंटू या लिनक्स सिस्टिमचा बग ट्रॅकर लाँचपॅडवर आहे, तिथे "इनकम्प्लीट" ठेवलेला बग ६० दिवस हालचाल नसेल तर आपोआप एक्स्पायर होऊ शकतो, केडीईत १५ दिवसांनी आठवण जाते आणि ३० दिवसांनी बंद होतो. यावर लोकांचे वाद चालूच असतात. माझं मत विचाराल तर उत्तर न आलेला रिपोर्ट बंद करणं ठीक, पण ज्याच्यात सगळी माहिती आहे आणि केवळ कुणी बघितलं नाही म्हणून बॉटने बंद केला, तो रिपोर्टरचा अपमानच. बंद करताना कारण एका ओळीत लिहावं आणि पुन्हा उघडता येतो हेही सांगावं.

सुरुवात करायची तर प्रोजेक्टचं ट्रियाज गाइड वाचून एकच भाग निवडावा, म्हणजे फक्त प्रिंटिंगचे बग किंवा फक्त भाषांतराचे, आणि जुने रिपोर्ट ताज्या व्हर्जनवर तपासावेत, त्यातले काही कुणाच्या लक्षात न येता केव्हाच दुरुस्त झालेले असतात. रिपोर्टला जोडलेल्या लॉगमधे (प्रोग्रामच्या नोंदींमधे) पासवर्ड किंवा टोकन (पासवर्डसारखीच गुप्त किल्ली) दिसलं तर लगेच मेंटेनरला कळवून ते लपवायला सांगायचं आणि रिपोर्टरला पासवर्ड बदलायला सांगायचं. आणि बग सुरक्षेचा वाटला, म्हणजे दुसऱ्याच्या मशीनवर शिरता येईल असा काही, तर त्याखाली जाहीर चर्चा करायची नाही, हल्ला कसा करता येतो ते तर मुळीच लिहायचं नाही, प्रोजेक्टच्या सिक्युरिटी टीमला खासगीत कळवायचं आणि ट्रॅकरमधे सोय असेल तर तो रिपोर्ट खासगी करून घ्यायचा.