एफपीएस आणि हर्ट्झ: आडात किती, पोहऱ्यात किती

पहिला गेमिंग पीसी असेंबल करायला घेतला की सगळा जीव ग्राफिक्स कार्डात अडकतो. प्रोसेसर कुठला, रॅम किती, कार्ड कुठलं यावर आठवडे जातात आणि मॉनिटर शेवटी उरलेल्या पैशात बसेल तो घेतला जातो. काही जण नेमकं उलट करतात. १४४ हर्ट्झचा मॉनिटर आणला की गेम १४४ एफपीएसने चालणार, अशी त्यांची खात्री असते. दोन्हीकडे पैसा वाया जातो आणि दोन्हीकडे गल्लत एकच. एफपीएस आणि हर्ट्झ दोन्ही ‘सेकंदाला किती’ हेच सांगतात, आकडेही तेच ६०, १२०, १४४ असतात, म्हणून ती एकाच गोष्टीची दोन नावं वाटतात.

एफपीएस कॅबिनेटच्या आत तयार होतं. गेममध्ये कोण कुठे उभं आहे, गोळी कुणाला लागली, दार उघडलं की नाही हे प्रोसेसर ठरवतो आणि त्यावरून ग्राफिक्स कार्ड चित्र रंगवतं. सेकंदाला अशी किती चित्रं, म्हणजे फ्रेम, तयार झाली, तो आकडा म्हणजे एफपीएस (फ्रेम्स पर सेकंद). तो कधीच स्थिर नसतो. मोकळ्या आकाशाकडे पाहाल तेव्हा ११० असेल, समोर स्फोट झाला की ६५ वर येईल.

हर्ट्झ ही मॉनिटरची गोष्ट. पडद्यावरचं चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने उमटतं, ते हर्ट्झमध्ये मोजतात. साध्या मॉनिटरवर हा वेग ठरलेला असतो. नवं चित्र तयार असो वा नसो, ६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला ६० वेळा हाती असेल ते दाखवतो.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण इथे तंतोतंत लागू पडते. कार्ड ५० चित्रंच काढत असेल तर १४४ हर्ट्झचा मॉनिटर तीच ५० चित्रं पुन्हा पुन्हा दाखवत राहतो. उलट बाजूही खरी आहे. आड तुडुंब भरलेला आणि पोहरा लहान, म्हणजे २०० एफपीएस देणारा पीसी आणि ६० हर्ट्झचा मॉनिटर. डोळ्यांपर्यंत सेकंदाला ६० ताजी चित्रंच पोचतात. अगदी सगळं वाया जात नाही, कारण दर वेळी उमटणारं चित्र जास्त ताजं असतं आणि माऊसचा प्रतिसाद थोडा लवकर दिसतो. पण तेवढ्यासाठी महागडं कार्ड घेणं कमी बजेटमध्ये परवडणारं नाही.

हर्ट्झचे आकडे मिलिसेकंदांत मांडून पाहिले की कुठे थांबायचं ते कळतं. ६० हर्ट्झवर एक चित्र १६.७ मिलिसेकंद पडद्यावर राहतं, १४४ वर ६.९ आणि २४० वर ४.२. म्हणजे ६० वरून १४४ वर गेलात की जवळजवळ १० मिलिसेकंद वाचतात, पण १४४ वरून २४० वर गेलात तर जेमतेम ३. पहिली उडी बहुतेकांना माऊस नुसता हलवला तरी जाणवते. दुसरी उडी स्पर्धेत खेळणाऱ्यांसाठी ठीक आहे, पहिल्या पीसीत तिच्यामागे लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता दोन्ही आकडे जुळले नाहीत तर काय होतं? मॉनिटर चित्र वरून खाली, ओळीओळीने उमटवत जातो. तो मध्यावर असताना कार्डाने नवं चित्र पुढे केलं तर वरचा अर्धा भाग जुन्या चित्राचा आणि खालचा नव्याचा दिसतो. झटकन वळताना पडदा आडवा फाटल्यासारखा वाटतो तो यामुळेच. याला टेअरिंग म्हणतात. यावरचा जुना उपाय व्ही-सिंक. त्यात कार्ड मॉनिटरची फेरी पूर्ण होईपर्यंत थांबतं. टेअरिंग जातं, पण प्रतिसाद रेंगाळतो. शिवाय दोनच बफर (तयार चित्र ठेवायच्या जागा) वापरणाऱ्या साध्या व्ही-सिंकमध्ये ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर ५५ एफपीएस देऊ शकणारा पीसी थेट ३० वर घसरतो, कारण प्रत्येक चित्राची १६.७ मिलिसेकंदांची गाडी थोडक्यात चुकते आणि त्याला पुढच्या फेरीपर्यंत ताटकळावं लागतं.

खरी सुटका केली ती मॉनिटरनेच कार्डाच्या तालावर चालण्याच्या कल्पनेने. एनव्हिडियाने २०१३ मध्ये जी-सिंक जाहीर केलं, पण त्यासाठी मॉनिटरमध्ये वेगळं मॉड्यूल लागायचं आणि किंमत वाढायची. २०१४ मध्ये ॲडॅप्टिव्ह-सिंक हे डिस्प्लेपोर्टच्या मानकात आलं, एएमडीचं फ्रीसिंक त्यावर उभं राहिलं, आणि जानेवारी २०१९ पासून एनव्हिडियाची कार्डंही अशा मॉनिटरवर ही सोय देऊ लागली. त्यामुळे आज स्वस्त मॉनिटरवरही ती मिळते. अशा मॉनिटरवर ७३ एफपीएस आलं तर पडदाही त्या क्षणी ७३ हर्ट्झने चालतो.

फक्त खोक्यावर फ्रीसिंक लिहिलंय म्हणून लगेच घेऊ नका, त्याची रेंज पाहा, म्हणजे किती हर्ट्झपासून किती हर्ट्झपर्यंत ही सोय चालते ते. रेंज ४८ ते १४४ असेल आणि एफपीएस ४० वर घसरलं, तर प्रत्येक चित्र दोनदा दाखवून ८० हर्ट्झवर ताळमेळ राखता येतो. रेंज ४८ ते ७५ असेल तर ८० त्यात बसतच नाही. म्हणजे कार्ड जिथे दमतं, जिथे या सोयीची सर्वात जास्त गरज असते, नेमकी तिथेच ती हात वर करते. कमी बजेटच्या पीसीत कार्ड अनेकदा दमणार, म्हणून ही एक ओळ मला मॉनिटरच्या बाकी सगळ्या वैशिष्ट्यांपेक्षा महत्त्वाची वाटते.

एफपीएसबद्दलही एक सावधगिरी. बेंचमार्कमध्ये, म्हणजे कार्डांच्या वेगाच्या चाचण्यांत, सरासरी पाहून कार्ड निवडलं जातं, पण खेळताना टोचतात ते खड्डे. हे खड्डे ‘१ टक्का लो’ या आकड्यात दिसतात, म्हणजे सर्वात संथ १ टक्का चित्रांच्या वेळचं एफपीएस. सरासरी ९० आणि १ टक्का लो ३५ असेल तर तो गेम अडखळत चालतो. सरासरी ७५ आणि १ टक्का लो ६० असेल तर खेळायला कितीतरी बरा. १६ जीबी रॅम एकाच स्टिकमध्ये घेण्याऐवजी ८ च्या दोन घेऊन ड्युअल चॅनेलमध्ये, म्हणजे दोन्ही एकाच वेळी काम करतील अशा, लावल्या, तर हे खड्डे बरेचदा कमी होतात. फ्रेम जनरेशनने वाढलेला आकडाही वेगळा धरावा. त्यात दोन खऱ्या चित्रांच्या मधली चित्रं अंदाजाने भरली जातात. हालचाल गुळगुळीत दिसते, पण गेम तुमच्या बटणाला पूर्वीपेक्षा लवकर दाद देत नाही.

पैसे वाटताना माझा हिशेब एका फरकावर चालतो. एफपीएस नंतर वाढवता येतं. सावल्या आणि प्रतिबिंबं कमी केली की पैसा न घालता बरंच हाती लागतं. मॉनिटरचे हर्ट्झ असे वाढत नाहीत, आणि चांगला मॉनिटर दोन-तीन कार्डं बदलली तरी टेबलावर टिकतो. म्हणून पहिल्या पीसीसाठी १०८०पी रिझोल्यूशन (पडद्यावर पिक्सेलच्या १०८० ओळी), १४४ हर्ट्झच्या आसपास आणि रुंद रेंज असा मॉनिटर, आणि त्यावर तुमचे आवडते गेम ७० ते १०० एफपीएसने ओढेल असं कार्ड, ही जोडी मला पटते. १४४०पीचा मोह इथे महागात पडतो. १०८०पीमध्ये साधारण २०.७ लाख पिक्सेल असतात, १४४०पीमध्ये ३६.९ लाख. कार्डाचं काम पावणेदोन पटींच्या वर जातं आणि एफपीएस त्या मानाने खाली येतं. फक्त संथ, गोष्टीच्या अंगाने जाणारे किंवा डावपेचांचे गेम खेळणार असाल तर ६० किंवा ७५ हर्ट्झही चालेल. उरलेले पैसे खुशाल कार्डात घाला.

एफपीएस कमी येतंय आणि दोष प्रोसेसरचा की कार्डाचा हे कळत नसेल, तर गेमचं रिझोल्यूशन उतरवून पाहा. एफपीएस वाढलं तर कार्ड कमी पडत होतं. जिथल्या तिथे राहिलं तर प्रोसेसर.

पीसी जोडून झाला की पहिल्याच दिवशी तीन गोष्टी तपासा. मॉनिटरची केबल मदरबोर्डाच्या पोर्टमध्ये नाही ना, ग्राफिक्स कार्डाच्याच पोर्टमध्ये आहे ना? तिथे चुकलं तर घेतलेलं कार्ड असून नसल्यासारखं. दुसरं, विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ॲडव्हान्स्ड डिस्प्ले उघडून रिफ्रेश रेट पाहा. नवा मॉनिटर बरेचदा गुपचूप ६० वर चालत असतो आणि मालकाला महिनोन्‌महिने पत्ता नसतो. तिसरं, केबल. एचडीएमआय १.४ वर बऱ्याच मॉनिटरना १०८०पीला १२० हर्ट्झच्या पुढे जाता येत नाही, म्हणून शक्यतो डिस्प्लेपोर्ट वापरा. एवढं करूनही यादीत पूर्ण वेग दिसत नसेल तर मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत शिरा, कारण काही मॉनिटर वरचा वेग तिथून चालू केल्याशिवाय देतच नाहीत.