गुरुत्वाकर्षण आणि द्रव्याच्या अवस्था

स्थायू, द्रव, वायू यांपैकी काहीही असो, भूपृष्ठावर पृथ्वी प्रत्येक किलोग्रॅम द्रव्याला सारख्याच बलाने, म्हणजे सुमारे ९.८ न्यूटनने, ओढते. अवस्थेनुसार बदलतो तो या ओढीला मिळणारा प्रतिसाद. स्थायूचे रेणू परस्परांशी जखडलेले असतात, द्रवाचे एकमेकांना धरून सरकतात. वायूच्या रेणूंना अशी पकड जवळजवळ नसतेच. तिथे गुरुत्वाकर्षणाची गाठ थेट रेणूंच्या औष्णिक गतीशी पडते.

हवेला वजन असते, हे इटालियन शास्त्रज्ञ टोरिचेल्ली यांच्या पाऱ्याच्या नळीमुळे सतराव्या शतकात स्पष्ट झाले; या नळीतला पारा बाहेरच्या हवेच्या दाबाने तोललेला असतो. १९ सप्टेंबर १६४८ रोजी फ्रेंच शास्त्रज्ञ पास्काल यांच्या सांगण्यावरून त्यांचे मेहुणे पेरिए ही नळी घेऊन फ्रान्समधील प्वी द डोम या डोंगरावर चढले. माथ्यावर पाऱ्याची उंची पायथ्यापेक्षा सुमारे ८ सेंमी. कमी भरली. समुद्रसपाटीला दर चौरस मीटरवर सुमारे १० टन हवेचा भार असतो.

एवढी ओढ असूनही हवा जमिनीवर येऊन साचत का नाही? नेहमीच्या तापमानाला नायट्रोजनच्या रेणूचा वेग सेकंदाला ५०० मीटरच्या आसपास असतो. या वेगाने सरळ वर निघालेला रेणू, वाटेत टक्कर झाली नाही तर, १२ किमी.हून अधिक उंची गाठेल. म्हणून खोलीतल्या हवेला गुरुत्वाकर्षण जाणवतच नाही असे वाटते. ३ मीटर उंचीच्या खोलीत जमीन आणि छत यांच्या दाबांत दहा हजारांत तीन-चार भागांचाच फरक पडतो. मोठ्या उंचीवर मात्र तो ठळक होतो. दर साडेपाच किमी.ला दाब साधारण निम्मा होतो. कळसूबाईच्या माथ्यावर (१,६४६ मी.) तो समुद्रसपाटीच्या सुमारे ८२ टक्के असतो आणि पाणी ९५° से.च्या आसपासच उकळते. एव्हरेस्टवर दाब एक तृतीयांशच उरतो.

उंचीनुसार ठरावीक पटीने विरळ होण्याचा हाच नियम फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ झां पेरँ यांनी १९०८ च्या सुमारास सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. पाण्यात तरंगणारे एका राळेचे अतिसूक्ष्म कण त्यांनी थराथराने मोजले. दर ३० मायक्रोमीटर उंचीला त्यांची संख्या निम्म्याहून थोडी कमी होत होती. कण रेणूपेक्षा प्रचंड जड, म्हणून किलोमीटरची जागा मायक्रोमीटरने घेतली, इतकेच. या मोजणीतून ॲव्होगाड्रो संख्येचा (एक मोल पदार्थातील रेणूंच्या संख्येचा) अंदाज मिळाला आणि रेणूंच्या अस्तित्वाबद्दलची शंका मावळली. पेरँ यांना १९२६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

वर चढणारा रेणू वेग गमावतो, मग वरचा वायू आपोआप थंड असायला हवा, असे भौतिकशास्त्रज्ञ लोश्मिट यांनी १८७० च्या दशकात मांडले. मॅक्सवेल आणि बोल्ट्समान या भौतिकशास्त्रज्ञांना ते मान्य नव्हते, आणि त्यांचेच बरोबर होते. संथ रेणू वाटेतूनच मागे फिरतात. वर पोहोचतात ते मुळातले वेगवान. त्यामुळे समतोलातील वायूची घनता उंचीनुसार घटते, तापमान नाही. डोंगरावरचा गारवा वेगळ्या कारणाने येतो : वर जाणारी हवा कमी दाबात प्रसरण पावते आणि निवते.

जड वायू नेहमी तळाशी बसतो, ही समजूत अर्धीच खरी आहे. सिलिंडरमधल्या घरगुती गॅसची गळती झाली की तो जमिनीलगत पसरतो, कारण तो हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो आणि लोटच्या लोट बाहेर पडतो. पण एकदा हवेत नीट मिसळल्यावर तो पुन्हा वेगळा होऊन खाली बसत नाही. वातावरणातही सुमारे १०० किमी. उंचीपर्यंत खळबळीमुळे नायट्रोजन, ऑक्सिजन यांचे प्रमाण जवळजवळ सारखेच राहते. हलके वायू वर, जड खाली अशी वाटणी त्याच्या वरच होते. तिथून हायड्रोजन आणि हीलियम हळूहळू अवकाशात निसटतात. चंद्राचा मुक्तिवेग (त्याच्या ओढीतून कायमचे सुटायला लागणारा वेग) सेकंदाला अवघा २.४ किमी., पृथ्वीचा ११.२, चंद्राला दाट वातावरण राखता आले नाही यात नवल नाही.

द्रव सहजी दबत नाही. महासागराच्या सर्वांत खोल गर्तेत दाब हजार वातावरणांहून अधिक असूनही पाण्याची घनता पाचेक टक्केच वाढते. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाच्या उंचीवर गुरुत्वाकर्षण भूपृष्ठाच्या जवळजवळ ९० टक्के असते. पण स्थानक सतत मुक्तपणे पडत असल्याने आत वजन जाणवत नाही. तिथे पृष्ठताणामुळे पाण्याचा गोळा होतो, गरम हवा वर जात नाही आणि ज्योत गोलाकार बनते. पंखे बंद राहिले तर झोपलेल्या अंतराळवीराच्या चेहऱ्याभोवती त्याच्याच उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड साचू शकतो.

स्थायूचे बंधही अमर्याद भार पेलत नाहीत. म्हणूनच मोठे खगोल गोल असतात. ओढ कमी असेल तिथे डोंगर अधिक उंच टिकतो : पृथ्वीच्या ३८ टक्के गुरुत्वाकर्षण असलेल्या मंगळावर ऑलिंपस मॉन्स हा ज्वालामुखी सुमारे २२ किमी. उंच उभा राहू शकला.

ताऱ्यांत वायू स्वतःच्याच भाराखाली दबतो आणि तापून प्लाझ्मा (अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे झालेला वायू) होतो. सूर्याच्या केंद्राचे तापमान सुमारे दीड कोटी केल्विन आहे. तिथला दाब वरच्या थरांना तोलून धरतो. इंधन संपल्यावर उरणाऱ्या लहान, अतिदाट श्वेत बटू ताऱ्यात हे काम दाटीने कोंबलेल्या इलेक्ट्रॉनांचा दाब करतो. सूर्याच्या सुमारे १.४ पट वस्तुमानापलीकडे तोही अपुरा पडतो, हे चंद्रशेखर यांनी १९३० च्या दशकात दाखवले.