धावपट्टीवरचे पुढचे दहा सेकंद

२ जानेवारी २०२४ च्या संध्याकाळी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपानी तटरक्षक दलाचे एक विमान धावपट्टीवर येऊन थांबले. ते तिथे सुमारे ४० सेकंद उभे होते. तेवढ्यात जपान एअरलाइन्सचे ए-३५० हे मोठे प्रवासी विमान त्याच धावपट्टीवर उतरले आणि त्याच्यावर आदळले. ए-३५० मधले सगळे ३७९ जण जळत्या विमानातून बाहेर पडले. तटरक्षक दलाच्या सहांपैकी पाच जणांचा मात्र जीव गेला. धावपट्टी मोकळी नाही, हे नियंत्रण कक्षातल्या एका पडद्यावर दिसत होते, पण नियंत्रकाच्या ते लक्षात आले नाही.

हानेदाला निदान ४० सेकंद होते. बहुतेक वेळा तेवढेही मिळत नाहीत. उतरणारे मोठे विमान सेकंदाला साधारण ७० मीटर अंतर कापते. दुसरे विमान टॅक्सीवेवरून, म्हणजे धावपट्टीला जोडणाऱ्या रस्त्यावरून, धावपट्टीकडे येताना ज्या रेषेपाशी थांबायचे असते, ती मोठ्या धावपट्टीच्या मध्यरेषेपासून साधारण ९० मीटरवर असते. ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने येणारे विमान ती रेषा ओलांडून ९ सेकंदांत धावपट्टीच्या मधोमध पोहोचते. रेषा ओलांडल्यावर इशारा द्यायचा म्हटले, तर यंत्राने ओरडणे, माणसाने ऐकणे, रेडिओवर सांगणे आणि वैमानिकाने कृती करणे हे सारे या ९ सेकंदांत बसवावे लागते. म्हणून इशारा रेषा ओलांडण्याआधीच यायला हवा. विमान आता कुठे आहे हे कळून भागत नाही, थोड्या वेळाने ते कुठे असेल हे सांगता आले पाहिजे.

अडचण अशी, की ते आता नेमके कुठे आहे हेसुद्धा खात्रीने ठाऊक नसते. जमिनीवरचे रडार साधारण सेकंदाला एकदा धावपट्टी न्याहाळते. पावसात पडद्यावर खोटे ठिपके उमटतात, इमारतींवरून परतलेल्या लहरींमुळे नसलेले विमान दिसते, तर कधी एकाच मोठ्या विमानाचे दोन तुकडे दिसतात. दुसरी माहिती विमानातल्या ट्रान्सपॉन्डरकडून, म्हणजे विमानाची ओळख रेडिओवरून कळवणाऱ्या यंत्राकडून, येते. त्याचा संदेश विमानतळावरच्या वेगवेगळ्या ग्राहकयंत्रांपर्यंत किंचित वेगवेगळ्या वेळी पोहोचतो आणि त्या फरकावरून जागा काढता येते. रेडिओलहर एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जाते, त्यामुळे घड्याळे अतिशय काटेकोर लागतात. शिवाय अनेक विमाने उपग्रहांच्या आधारे काढलेली आपली जागा स्वतःच प्रसारित करतात. या तिन्हींची चूक करण्याची पद्धत वेगळी आहे आणि तीच गोष्ट फार उपयोगी पडते.

अभियंते रुडॉल्फ कालमन यांनी १९६० साली मांडलेले गणित इथे कामाला येते. अपोलो यानांच्या मार्गदर्शनातही ते वापरले होते. विमानाची आधीची जागा आणि वेग यांवरून संगणक पुढच्या क्षणाचा अंदाज बांधतो, मग नवे मोजमाप आले की दोन्हींचा मेळ घालतो. ज्यावर भरवसा जास्त, त्याला वजन जास्त. उत्तर म्हणून एक ठिपका मिळतो आणि त्याच्याभोवती अनिश्चिततेचा एक लंबवर्तुळाकार पट्टाही मिळतो. मोजमाप आलेच नाही की पट्टा पसरतो, चांगले मोजमाप आले की आकसतो. माझ्या मते या गणिताचे खरे मोल ठिपक्यापेक्षा पट्ट्यात आहे. आपल्याला किती ठाऊक नाही, हे ते प्रत्येक क्षणी आकड्यात सांगते.

पण वैमानिकाच्या मनात काय आहे, हे एका अंदाजात मावत नाही. रस्ता ओलांडताना आपण समोरून येणाऱ्या गाडीकडे बघतो, ती वेग कमी करते की नाही यावरून ती थांबणार का हे ठरवतो आणि दर क्षणी ते मत बदलतो. संगणकही एकाच विमानासाठी ‘थांबणार’ आणि ‘थांबणार नाही’ असे दोन अंदाज शेजारी शेजारी चालवतो आणि प्रत्येक मोजमापानंतर कोणता अधिक पटतो ते तपासतो. समजा, हजारांत एखादेच विमान चुकून रेषा ओलांडते. एक विमान रेषेपासून ८० मीटरवर आहे, वेग सेकंदाला १० मीटर. एक सेकंद गेला, वेग कमी झाला नाही. समजा, असे दिसणे हे न थांबणाऱ्या विमानाच्या बाबतीत पाचपट अधिक संभवते. नवा पुरावा आला की आधीची संभाव्यता किती बदलायची हे सांगणाऱ्या बेझच्या नियमाने अशा तीन सेकंदांनंतर धोक्याची संभाव्यता ११ टक्के होते, चारनंतर ३८ आणि पाचनंतर ७६. हे आकडे समजावण्यापुरते आहेत. प्रत्यक्षात लागोपाठची मोजमापे एकमेकांपासून इतकी स्वतंत्र नसतात. पण हजारात एकपासून तीन-चतुर्थांशापर्यंतचा प्रवास पाच सेकंदांत झाला आणि विमान अजून रेषेच्या ३० मीटर अलीकडे आहे. जोरात ब्रेक लावला तर ते थांबू शकते.

मग ११ टक्क्यांवर ओरडायचे की ७६ वर? उतरणाऱ्या विमानाला पुन्हा वर जायला सांगितले तर थोडे इंधन आणि काही मिनिटे खर्च होतात. टक्कर झाली तर शेकडो माणसे जाऊ शकतात. १९७७ मध्ये स्पेनच्या टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जंबो जेट धावपट्टीवर आदळून ५८३ जण गेले. म्हणजे लवकर ओरडावे. पण दिवसाला हजार विमानांची ये-जा असलेल्या विमानतळावर दोनशेत एकदा खोटा इशारा झाला, तरी रोज पाच होतात, आणि माणसे त्याकडे दुर्लक्ष करू लागतात. ऑगस्ट १९९७ मध्ये प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावर कोरियन एअरचे विमान विमानतळाच्या अलीकडच्या टेकडीवर आदळले, २२८ जण गेले. विमान फार खाली आल्याचा इशारा देणारी यंत्रणा तिथे होती, पण नको तितके इशारे येतात म्हणून तिचे क्षेत्र मुद्दाम कापून ठेवले होते. म्हणूनच अनिश्चितता नीट मोजण्याला इतके महत्त्व आहे. पट्टा जितका प्रामाणिक, तितका इशारा लवकर देता येतो आणि तितका क्वचित खोटा ठरतो.

धावपट्टीवर पडलेल्या वस्तूंचा प्रश्न याच्या उलट आहे, कारण त्या हलत नाहीत. जुलै २००० मध्ये पॅरिसला कॉन्कॉर्ड या स्वनातीत प्रवासी विमानाचे टायर फाडणारी धातूची पट्टी सुमारे ४३ सेंटिमीटर लांबीची होती आणि काही मिनिटांपूर्वी उडालेल्या विमानातून पडलेली होती. इतक्या छोट्या वस्तूचा प्रतिध्वनी एका नजरेत गोंगाटात हरवतो. पण पावसाचा थेंब पुढच्या नजरेत तिथे नसतो, पट्टी असते. मिलिमीटर लहरींचे रडार आणि कॅमेरे तीच जागा पुन्हा पुन्हा बघून थोडा थोडा पुरावा जमवतात. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर कॅमेऱ्यांवर चालणारी अशी यंत्रणा आहे. पक्ष्यांचे थवे सगळ्यांत अवघड. ते फुटतात, मिसळतात, त्यांना एक ठिपका मानताच येत नाही.

इशारा कोणाला द्यायचा, हेही तितकेच महत्त्वाचे. नियंत्रकाकडून वैमानिकाकडे जाण्यात सेकंद जातात. अमेरिकेत २००५ पासून डॅलस-फोर्ट वर्थला तपासून पाहिलेल्या आणि नंतर अनेक विमानतळांवर बसवलेल्या पद्धतीत धावपट्टीत आणि तिला मिळणाऱ्या टॅक्सीवेत पुरलेले लाल दिवे मधल्या कोणाला न विचारता लागतात. धावपट्टीवर वेगात विमान येते आहे असा अंदाज झाला की टॅक्सीवे जिथे तिला मिळतात त्या पुढच्या चौकांवरचे दिवे लाल होतात आणि ते विमान तिथे पोहोचण्याच्या काही क्षण आधी विझतात, म्हणजे वाहतूक विनाकारण अडत नाही. लाल दिसले की थांबायचे, मग नियंत्रकाने परवानगी दिली असली तरी. दिवा विझलेला असणे ही मात्र परवानगी नव्हे. ती नियंत्रकाकडूनच घ्यावी लागते.