पार्श्वसंगीताचं रेकॉर्डिंग: क्लिक आणि कंडक्टर

सिनेमातल्या नेमक्या क्षणावर वाद्यवृंद कसा आणायचा, याची दोन उत्तरं हॉलिवूडनं 1930च्या दशकातच शोधली. आजचं काम अजून त्यांवरच चालतं.

पहिलं क्लिक ट्रॅक, म्हणजे वादकांनी लय धरायची ती टकटक. फिल्मच्या साउंडट्रॅकच्या पट्टीत ठरावीक अंतरावर भोकं पाडली की प्रोजेक्टरवर टकटक ऐकू येई. सेकंदाला 24 फ्रेम, मिनिटाला 1440. दर 12 फ्रेमला भोक पाडलं की लय मिनिटाला 120 ठोक्यांची. फिल्मच्या कडेला प्रोजेक्टरचे दात अडकायची छिद्रं फ्रेमला चार, म्हणून छिद्रावर आणि दोन छिद्रांच्या मधे अशा आठ जागा मिळत आणि लय फ्रेमच्या अष्टमांशात मोजली जाई. दुसरं स्ट्रीमर. फिल्मवर लांब तिरकी रेघ खरवडली की पडद्यावर उभी रेघ डावीकडून उजवीकडे सरके. दोन सेकंदांत ती पलीकडे पोचली की पंचचा, म्हणजे फिल्मला पाडलेल्या भोकाचा, पांढरा झगझगाट. दोन झगझगाटांमधली लय कंडक्टरच्या हातात.

आज बहुतेक सगळीकडे वादकांच्या हेडफोनमध्ये क्लिक आहे, आणि त्याला सबळ कारणं आहेत. सिंथ आणि तालवाद्यं आधीच संगणकाच्या ग्रिडवर बसलेली असतात. संकलन शेवटच्या आठवड्यापर्यंत बदलतं, तेव्हा क्यू, म्हणजे एका प्रसंगासाठीचा संगीताचा तुकडा, बारवर (तालाच्या आवर्तनाच्या सीमेवर) कापता यावा लागतो. शिवाय स्ट्रायपिंग, म्हणजे वाद्यगट वेगवेगळे रेकॉर्ड करणं, सकाळी स्ट्रिंग्ज (व्हायोलिनसारखी तंतुवाद्यं) आणि दुपारी ब्रास (पितळी फुंकवाद्यं), क्लिकशिवाय जमवणं फार अवघड. पण नुकसानही खरं आहे. संथ, हळव्या क्यूमध्ये वाक्याच्या शेवटी वाद्यवृंद जो श्वास घेतो, तो क्लिक घेऊ देत नाही. अशा क्यूसाठी क्लिक बंद ठेवून स्ट्रीमरवर घेणंच योग्य; चार टेक जास्त लागले तरी.

क्लिक गळतोही. काही वादक बाजूच्यांचा सूर ऐकायला एक कान उघडा ठेवतात. हेडफोनचा तो कप बाहेरच्या बाजूला वळला की शेवटच्या मंद स्वरात कंडक्टरच्या डोक्यावरचे डेका ट्रीचे, म्हणजे त्रिकोणात टांगलेले, तिन्ही माइक टकटक उचलतात. म्हणून कप कानामागे दाबून ठेवायचा, आणि शेवटच्या दोन बारना क्लिक उतरवून स्वर कंडक्टरच्या हातावर सोडवायचा.

स्ट्रायपिंगमध्ये कंडक्टरचं काम वाढतं. समोर ब्रास नसल्यानं स्ट्रिंग्ज हलक्या वाजतात आणि मिक्समध्ये बुडतात. गैरहजर भाग त्याच्या डोक्यात वाजत असावा लागतो. ‘इथे चार हॉर्न येणार आहेत, धनुष्य पूर्ण वापरा’ हे त्यानंच सांगायचं.

मुंबईत पूर्वी रीळ मागे-पुढे करत, पडद्याकडे बघत हे काम होई. स्वरलेखन आणि कंडक्टिंग बहुतांशी गोव्याच्या अरेंजरांकडे, कारण चर्चच्या शाळांत ते स्टाफ नोटेशन शिकून आलेले. आता बऱ्याच हिंदी चित्रपटांच्या स्ट्रिंग्ज बुडापेस्ट किंवा स्कोप्येमध्ये वाजतात आणि संगीतकार मुंबईतून इंटरनेटवर ऐकतो. आवाज उशिरा पोचत असल्यानं इथून हातानं लय देता येत नाही. टॉकबॅकवर, म्हणजे स्टुडिओत बोलायच्या माइकवर, फक्त सूचना जातात. त्यामुळे बोइंग (धनुष्य कधी कुठल्या दिशेनं ओढायचं), म्यूट (आवाज दबवायचं साधन कुठे लावायचं), बारचे क्रमांक हे सगळं पार्टवर, म्हणजे प्रत्येक वादकाच्या स्वरलिपीच्या कागदावर, आधीच लिहून पाठवावं लागतं, आणि क्यूची दिशा तिथल्या कंडक्टरला सत्राआधीच समजावून द्यावी लागते.