हाड पोखरतं कोण?

स्तनाच्या कॅन्सरचे उपचार संपून काही वर्षं उलटलेली असतात आणि पाठ दुखायला लागते. स्कॅनमध्ये मणक्यात गाठ दिसते आणि नातेवाइकांत बातमी जाते ती ‘आता हाडांचाही कॅन्सर झाला’ अशी. हा समज खोडून काढायलाच हवा. मणक्यातल्या त्या पेशी स्तनाच्याच असतात. हाडात मुक्काम केला म्हणून त्या हाडाच्या होत नाहीत, आणि त्यांच्यावर औषधंही स्तनाच्या कॅन्सरचीच चालतात. मुळात हाडातच सुरू होणारा कॅन्सर दुर्मीळ आहे. स्तनाचा आणि प्रोस्टेटचा कॅन्सर मात्र पसरताना वारंवार हाडच गाठतो.

हाडच का? इंग्रज सर्जन स्टीफन पॅजेट याने स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या 735 रुग्णांच्या नोंदी तपासून 1889 मध्ये हाच प्रश्न विचारला. रक्त तर सगळीकडे जातं. मग यकृतात गाठी भरपूर आणि प्लीहेत क्वचित, असं का? त्याचं उत्तर असं होतं, की झाडाचं बी चहूकडे उडतं, पण रुजतं ते मानवेल त्याच मातीत. तेव्हापासून संशोधक या मातीचा कस तपासत आहेत.

हाड म्हणजे निर्जीव टेकू नव्हे. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा साधारण 10 टक्के भाग दरवर्षी मोडून नव्याने बांधला जातो. मोडण्याचं काम ऑस्टिओक्लास्ट पेशींचं, बांधण्याचं ऑस्टिओब्लास्ट पेशींचं. दोघींची कुळं वेगळी. मूलपेशी म्हणजे इतर पेशींना जन्म देणाऱ्या पेशी. ऑस्टिओब्लास्ट तयार होतात मज्जेतल्या सांगाड्याच्या मूलपेशींपासून, तर ऑस्टिओक्लास्ट येतात रक्त तयार करणाऱ्या मूलपेशींपासून, म्हणजे त्या पांढऱ्या रक्तपेशींच्या भाऊबंद.

ऑस्टिओक्लास्ट जवळून पाहण्यासारखी पेशी आहे. अनेक पेशी एकमेकींत मिसळून ती बनते, म्हणून तिच्यात एक सोडून अनेक केंद्रकं असतात. ती हाडाला घट्ट चिकटते आणि कडेने गोल बंदिस्त करून घेते. त्या बंद जागेत ती आम्ल सोडते, त्यात कॅल्शियमचे क्षार विरघळतात. मग उघड्या पडलेल्या कोलॅजेनचे, म्हणजे हाडातल्या चिवट प्रथिनाचे, तुकडे कॅथेप्सिन-के हे विकर करतं. मागे एक सूक्ष्म खड्डा उरतो. खणायला काही आठवडे लागतात, भरून काढायला काही महिने.

हे ‘आम्ल’ ऐकलं की ‘शरीरातलं आम्ल घटवून कॅन्सर रोखा’ म्हणत अल्कधर्मी पाणी विकणाऱ्यांना जोर येतो. पण हे आम्ल त्या पेशीखालच्या बंदिस्त जागेतच तयार होतं. रक्ताचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, फुप्फुसं आणि मूत्रपिंडं 7.35 ते 7.45 या पट्ट्यातच राखतात. कुठलंही पाणी पिऊन ना हा खड्डा बुजतो, ना कॅन्सर थांबतो. अशी बाटली घेऊन उपचार लांबवणाऱ्यांचं खरोखर नुकसान होतं.

आता कॅन्सरकडे येऊ. स्तनाच्या कॅन्सरची पेशी सहसा स्वतः हाड खात नाही, ती खायला लावते. ती पीटीएचआरपी नावाचं प्रथिन सोडते. त्याचा परिणाम होतो ऑस्टिओब्लास्टवर: त्या रँक-एल हे प्रथिन जास्त बनवू लागतात. रँक-एल म्हणजे ऑस्टिओक्लास्ट घडवण्याचा हुकूमच. एरवी त्याला अडवायला ओपीजी हे दुसरं प्रथिन असतं, इथे तेही कमी पडतं. ऑस्टिओक्लास्ट वाढतात आणि हाड विरघळतं. हाड बांधताना त्यात टीजीएफ-बीटासारखी वाढीला चालना देणारी प्रथिनं साठवलेली असतात, ती आता मोकळी होतात. टीजीएफ-बीटा कॅन्सरच्या पेशीवर पोहोचलं की ती आणखी पीटीएचआरपी सोडते. चक्र पूर्ण होतं आणि प्रत्येक फेरीत हाड कमी, गाठ मोठी होत जाते. प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये तर बरेचदा उलट, जादा हाड तयार होतं, पण तेही बेशिस्त आणि कमकुवत.

पण हे चक्र सुरू होण्याआधी पेशी तिथे टिकते कशी? इथे मूलपेशी येतात. रक्ताच्या मूलपेशी मज्जेतल्या ठरावीक कोपऱ्यांत राहतात. तिथल्या पेशी सीएक्ससीएल-12 हा रासायनिक संकेत देतात, आणि मूलपेशींवरचा सीएक्ससीआर-4 हा ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे संकेत टिपणारं प्रथिन) तो ओळखतो. स्तन आणि प्रोस्टेटच्या कॅन्सर पेशींवरही हाच ग्राहक सापडतो. 2011 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून दिसलं, की प्रोस्टेटच्या कॅन्सर पेशी याच कोपऱ्यांसाठी मूलपेशींशी स्पर्धा करतात. अशा आडोशाला त्या विभाजन थांबवून वर्षानुवर्षं पडून राहू शकतात. बरीचशी केमोथेरपी विभाजित होणाऱ्या पेशींवर चालते, म्हणून या निसटतात.

मातीवरच उपाय करण्याची कल्पना मला फार मोलाची वाटते. डेनोसुमॅब हे औषध म्हणून दिलं जाणारं प्रतिपिंड (अँटीबॉडी) रँक-एलला पकडून ठेवतं. झोलेड्रोनिक आम्लासारखी बिस्फॉस्फोनेट औषधं हाडात मुरतात आणि ते खाणाऱ्या ऑस्टिओक्लास्टलाच निकामी करतात. यामुळे हाड मोडणं, मणका दबणं कमी होतं. 2015 मध्ये 18,766 स्त्रियांच्या चाचण्यांचा एकत्रित हिशेब मांडला गेला. पाळी गेलेल्या स्त्रियांना सुरुवातीच्या टप्प्यातच बिस्फॉस्फोनेट दिल्यास कॅन्सर हाडात परतण्याचं आणि त्याने मृत्यू होण्याचं प्रमाण घटलं. पाळी चालू असलेल्या स्त्रियांत असा फायदा दिसला नाही. बी तेच, औषध तेच, फक्त हार्मोन बदलल्यामुळे माती वेगळी.

औषधांना किंमतही मोजावी लागते. क्वचित जबड्याचं हाड मरतं, विशेषतः दात काढल्यावर. म्हणून इंजेक्शन सुरू करण्याआधी दातांची तपासणी आणि लागतील ते उपचार उरकून घ्यावेत. डेनोसुमॅब अचानक बंद केलं तर दबून राहिलेल्या ऑस्टिओक्लास्ट उसळून कामाला लागतात आणि मणके मोडू शकतात. ते थांबवायचं तर डॉक्टरांशी पुढचं औषध ठरवूनच.